व्हीलचेअरवरून झाडाच्या शेंड्यावर: कॅनोपी फील्डवर्क पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

झाडाच्या शेंड्यावरचा, म्हणजे कॅनोपीतला, अभ्यास म्हटलं की बहुतेक सरांच्या डोळ्यासमोर एखादा तगडा ट्रेकर पोरगा येतो, आणि वर्गात कुणी व्हीलचेअरवर असेल किंवा कुबड्या घेऊन चालत असेल तर तिला आपोआप "तू लॅबमध्ये बसून नोंदी कर" असं सांगितलं जातं. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, काळजीच असते, पण होतं काय की डिग्री संपते तरी त्या पोरीने एकही सॅम्पल स्वतःच्या हाताने आणलेलं नसतं. सातारा-सांगलीकडच्या कॉलेजातल्या शिक्षकांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि दोराचं काम येणाऱ्या ट्रेकिंगवाल्यांसाठी हे लिहितोय. मी दोराच्या बाजूचा माणूस आहे, त्यामुळे दोराबद्दल जरा जास्त बोलणार, चालवून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माणसाला दोराने झाडावर चढवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड असतं ते गाडीपासून झाडाच्या बुंध्यापर्यंतचं अंतर, आणि बाथरूम. हे दोन सुटले की ऐंशी टक्के काम झालं समजा, आणि लोक नेमके हेच दोन विसरतात, सगळी चर्चा हार्नेस (दोराला अडकवायचे अंगावरचे पट्टे) कुठला घ्यायचा यावर.

हे होतं का खरंच?

होतं. अमेरिकेत कॅन्ससच्या बेकर युनिव्हर्सिटीतले विल्यम मिलर आणि कॅनोपीवर आयुष्य घालवलेल्या मेग लोमन या दोघांनी मिळून असा प्रोग्राम चालवला, व्हीलचेअर वापरणारे विद्यार्थी दोराने झाडावर गेले आणि त्यांनी तिथलं शेवाळ, दगडफूल गोळा करून त्यातले टार्डिग्रेड नावाचे बारीक जीव शोधले. लोमन बाईंनी स्वतः सुरुवात केली ती १९७९ ला ऑस्ट्रेलियात, घरी शिवलेला हार्नेस आणि गलोल घेऊन. म्हणजे महागडं सामान नाही म्हणून अडलंय हे कारण फार टिकत नाही.

दोरावर लटकलं की पायांचं काम बरंचसं संपतं, ही यातली खरी मेख. रोज व्हीलचेअर ढकलून ज्याचे खांदे तयार झालेत तो पोरगा वर गेल्यावर आपल्यापेक्षा कमी दमतो हे मी बघितलंय.

आधी काम ठरवा, मग झाड, मग माणूस कसा न्यायचा ते

उलटं करू नका. "दिव्यांग विद्यार्थ्यांना झाडावर नेऊया" एवढाच प्लॅन असेल तर ती सहल होते, फोटो निघतात, पेपरात बातमी येते, संपलं. प्रश्न पाहिजे. सोपा आणि आपल्याकडे सहज होणारा प्रश्न म्हणजे एकाच झाडावर बुंध्याशी, मधे आणि वर टार्डिग्रेड सारखेच सापडतात का वेगवेगळे.

टार्डिग्रेड म्हणजे ते आठ पायांचे बारीक जीव, पाणअस्वल म्हणतात बघा, बहुतेक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान. २००७ साली त्यांना उपग्रहावर बाहेर उघड्या अवकाशात ठेवलं होतं आणि त्यातले काही जिवंत परत आले. पण आपल्याला त्यांचा फायदा वेगळाच आहे. शेवाळ वाळलं की हे पण आक्रसून गोळा होऊन पडून राहतात आणि पाणी मिळालं की परत चालायला लागतात. म्हणजे सॅम्पल पावसाळ्यातच घेतलं पाहिजे असं काही नाही, डिसेंबर-जानेवारीत वाळकं शेवाळ आणलं तरी चालतं, आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडची जमीन कडक असते, चाकं रुतत नाहीत, जळवा नाहीत, दोर भिजत नाही. व्हीलचेअर आणि विषय दोघांचा सीझन एकच! जुलैमध्ये महाबळेश्वर-कोयनेच्या बाजूला हा उद्योग करूच नका, तिथला पाऊस तुम्हाला माहितेय.

जागा

पहिली प्रॅक्टिस जंगलात नाही, कॉलेजच्या आवारात. एखादा मोठा आंबा, चिंच, रेन ट्री बघा, शेजारी डांबरी किंवा फरशीची जागा पाहिजे आणि वीस-पंचवीस पावलांवर वापरता येण्यासारखं टॉयलेट. टार्डिग्रेड तिथल्या शेवाळात पण असू शकतात, शोधून बघायला काय जातंय.

दुसरी जागा मालकी रानातली. वाई, जावळी, पाटण, शिराळा या बाजूला बांधावर एवढाली आंब्याची, जांभळाची झाडं आहेत की अख्ख्या वर्गाचे प्रोजेक्ट होतील, आणि परवानगी म्हणजे मालकाशी चहा पिऊन बोलणं. "आबा, झाडाची फांदी तोडत नाही, नुसतं शेवाळ खरवडून नेतो" एवढं नीट सांगितलं की माणसं स्वतः मदतीला येतात, ट्रॅक्टर काढतात. देवराईत मात्र गावाला विचारल्याशिवाय पाय ठेवू नका आणि देवाच्या झाडावर चढायचा विषयच नको.

खरं जंगल तिसऱ्या टप्प्यावर. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे अभ्यासासाठी आत जायला आणि काहीही, अगदी चिमूटभर शेवाळ जरी, बाहेर आणायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली लेखी परवानगी लागते. सांगलीकडच्या सागरेश्वर अभयारण्यालाही तेच. अर्ज प्राचार्यांच्या सहीने, प्रोजेक्टची माहिती जोडून, कित्येक महिने आधी टाका. अर्जातच लिहा की टीममध्ये व्हीलचेअर वापरणारे विद्यार्थी आहेत आणि गाडी अमुक ठिकाणापर्यंत न्यायची गरज आहे, कारण गेटवर जाऊन गार्डशी वाद घालून काही होत नाही, त्याच्या हातात ते नसतंच.

महाबळेश्वरच्या माथ्यावरची जांभूळ-अंजनी-हिरड्याची झाडं वाऱ्यामुळे बरीच ठेंगणी राहिलीत, हे आपल्याला सोयीचं. थोडं वर गेलं की शेंडा हाताला लागतो. पण ते पण वनखात्याचं जंगल आहे, कागद तिथेही लागतातच.

आणि दोर नकोच असेल तर? घाटरस्ता! पसरणी घाट, केळघर घाट, कुंभार्ली, जिथे रस्त्याच्या दरीकडच्या बाजूला झाडं आहेत तिथे खालच्या झाडाचा शेंडा कठड्याच्या उंचीला येतो. गाडी लावायला नीट रुंद जागा असेल, वळण नसेल, तर व्हीलचेअर कठड्याशी लावून दुर्बिणीने फुलं-फळं-पक्ष्यांच्या नोंदी तासभर आरामात होतात. कॉलेजच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत घुसलेली फांदी हीसुद्धा कॅनोपीच, लिफ्ट चालू असली म्हणजे झालं. ज्याला दोराची भीती वाटते किंवा डॉक्टर नको म्हणतात त्याने हे करावं, याला कमी समजू नका, रोज त्याच फांदीची नोंद ठेवणं हे एकदा वर जाऊन येण्यापेक्षा जास्त कामाचं असतं.

विद्यार्थ्याशी बोलणं

घरच्यांशी नाही, आधी तिच्याशी. काय येतं, काय नाही, काय दुखतं, किती वेळ एका जागी बसता येतं, कुठे हात लावलेला चालतो. दोन दिव्यांग माणसं सारखी नसतात, पोलिओ झालेल्याच्या पायाला सगळं जाणवतं, मणक्याला मार लागलेल्याच्या पायाला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही, सेरेब्रल पाल्सी असेल तर पट्टा आवळल्यावर स्नायू अचानक ताठ होऊ शकतात, जयपूर फूट असेल तर तो काढून जायचं का घालून हे तिलाच ठरवू द्या, घालून जाणार असेल तर तो हार्नेसला दोरीने बांधा, वरून निसटला तर खालच्याच्या डोक्यात बसेल.

मग डॉक्टरांची चिठ्ठी. मणक्याची इजा असेल तर तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या: पायाची हाडं ठिसूळ झालीत का, कातडीवर कुठे जखम आहे का, आणि इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर आहे का. तिसरं फार महत्त्वाचं, कारण अशा माणसाला लघवी तुंबली किंवा पट्टा कुठे रुतला तरी ते कळत नाही, पण शरीर आतून खवळतं, एकदम ब्लड प्रेशर चढतं, डोकं प्रचंड दुखतं, तोंडाला घाम येतो. असं दिसलं की तिथल्या तिथे खाली आणायचं, आडवं न करता बसतं ठेवायचं, सगळे पट्टे सैल करायचे, लघवीची नळी असेल तर ती कुठे दुमडलीय का बघायचं, आणि लगेच दवाखाना. टीममधल्या प्रत्येकाला हे पाठ पाहिजे.

मुलगी असेल तर पट्टे लावायला टीममध्ये बाईमाणूस पाहिजेच. आणि कुणीही असो, हात लावायच्या आधी "ताई, डावा पट्टा ओढू का?" असं विचारायचं. पोतं बांधल्यासारखं बांधू नका.

गाडी ते झाड

आदल्या आठवड्यात कुणीतरी जाऊन हा रस्ता चालून या, शक्यतो रिकामी व्हीलचेअर ढकलत. मोबाईलवर व्हिडिओ काढून विद्यार्थ्याला दाखवा, काय जमेल ते तोच सांगेल. जांभ्या दगडाच्या खडबडीत जमिनीवर पुढची छोटी चाकं अडकतात, अशा वेळी खुर्ची किंचित मागे कलंडवून उलटी ओढत न्यायची, मोठी चाकं सहज निघतात. मऊ जागेवर प्लायच्या दोन फळ्या, एक पुढे टाकत एक मागून उचलत. पूर्वेकडे माण-खटाव, जत, आटपाडीकडे जाणार असाल तर बाभळीचा काटा लक्षात ठेवा, पंक्चरचं सामान आणि पंप गाडीत हवा. फळीचा उतार करायचा तर एक फूट चढाला बारा फूट लांबी हे सरकारी बांधकामातलं गणित पाळा, जंगलात तेवढं नाही जमत कधी कधी, तेव्हा दोघांनी धरायचं.

पाठीवर घेऊन जाणं हा शेवटचा पर्याय, तोही तिने हो म्हटलं तरच.

टॉयलेट: घडीची कमोड खुर्ची, चारी बाजूंनी झाकेल असा छोटा तंबू, पाणी, साबण. दोन-तीन हजारात सगळं बसेल आणि टीममधल्या बाकी मुलीही तुमचे आभार मानतील, कारण त्यासुद्धा आजवर फील्डवर पाणी न पिता दिवस काढत होत्या. पाणी कमी पिऊन वेळ मारून नेणं मणक्याच्या पेशंटला तर अजिबात परवडत नाही.

दोर

इथे मी थोडं थांबणार. पण वाचून कुणी दोर बांधायला जाऊ नका, ज्याला रेस्क्यूचं काम येतं असा माणूस जागेवर पाहिजे. आपल्याकडे महाबळेश्वर-प्रतापगडच्या बाजूला दरीत पडलेल्यांना वर काढणाऱ्या पोरांच्या टीम आहेत, रेस्क्यू करणाऱ्याला हे काम लगेच समजतं, विचारलं तर येतात.

झाड जिवंत, खोडाला पोकळी नाही, बुरशी नाही, वाळकी फांदी लोंबकळत नाही. ज्या फांदीवरून दोर जाणार ती मांडीएवढी जाड तरी हवी आणि दोर खोडाजवळून गेला पाहिजे, टोकाकडून नाही. आता हे नीट वाचा: दोर फांदीवरून टाकून त्याचं दुसरं टोक खाली बुंध्याला बांधलं की फांदीवर माणसाच्या वजनाच्या जवळपास दुप्पट भार येतो, ६० किलोची मुलगी असेल तर फांदीला १२० किलोच्या आसपास. म्हणून कुणी वर जायच्या आधी खालून तीन जाडजूड माणसांनी त्या दोराला लटकून झोके द्यायचे. फांदी कुरकुरली तर ते झाड सोडा.

आधी गलोलीने किंवा हाताने बारीक दोरी वर जाते, तिला ओढत मोठा दोर. दोर ११ मिलिमीटरचा, कमी ताणणारा, ज्याला स्टॅटिक म्हणतात तो. क्लाइंबिंगचा लवचिक दोर घेतला तर माणूस वर जायच्या आधी नुसता खालीवर होत राहतो. फांदीवर दोर थेट घासू देऊ नका, झाडाची सालही जाते आणि ताकदही फुकट जाते, मधे पुली किंवा चामड्याचं जाड आवरण टाका. दोर दोन, नेहमी दोन, एक ओढायचा आणि एक सुरक्षेचा, वेगवेगळ्या माणसाच्या हातात.

वर न्यायच्या दोन पद्धती. हातात जोर असेल तर तिला स्वतः ओढत जाऊ द्या, दोराची दोन्ही टोकं तिच्याकडेच असतील अशी रचना केली की अर्धंच वजन ओढावं लागतं, पायाने दाबायचा फूट लूप लागत नाही. हातात जोर नसेल तर खालून तीनास एकची पुली लावायची, कागदावर ६० किलोला २० किलो ओढ लागते, घर्षण धरून तिशीपर्यंत जाते, आणि तिला एक मीटर वर न्यायला तीन मीटर दोर ओढावा लागतो. दोन-तीन पोरं गप्पा मारत करतात. पण "वर घ्या", "थांबा", "खाली" हे खालून ओढणाऱ्यांनी बोलायचं नाही, ते फक्त वरचीने बोलायचं. लिफ्टचं बटण तिच्या हातात.

हार्नेस पूर्ण शरीराचा, छातीचा पट्टा असलेला, कारण पोटा-पाठीत जोर नसेल तर नुसत्या कमरेच्या हार्नेसमध्ये माणूस मागे उलटा होतो. मांडीखाली जाड फोमची बैठक हवी, म्हणजे मांड्या आडव्या राहतात. पाय न हलवता पट्ट्यांवर लटकत राहिलं तर रक्त पायात साठतं आणि काही मिनिटांत चक्कर येऊ शकते. ज्याला संवेदना नाही त्याच्या खिशातलं सगळं काढा, किल्ली, नाणं, मोबाईल, जीन्सचं जाड शिवण असलेली पँट नको, कपड्याची एक घडीसुद्धा जखम करते. वर असताना दर दहा मिनिटांनी हाताने अंग उचलून बसायची जागा बदलायची, आणि पहिल्या वेळी दहा-पंधरा मिनिटांच्या वर ठेवायचंच नाही. खाली आल्यावर आडोशाला कातडी बघून घ्यायची, लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर पुढची फेरी रद्द.

आणि ती वर बेशुद्ध झाली तरी खालच्या माणसाला तिला उतरवता आलं पाहिजे. बुंध्याशी साधी गाठ मारू नका, भार असताना सोडता येईल असं डिसेंडर (दोर हळूहळू सोडायचं उपकरण) लावा. जमिनीवरच हे दोनदा करून बघा, ६० किलोचं तांदळाचं पोतं लटकवून.

आग्या मोहोळ

सह्याद्रीत पडण्यापेक्षा मला याची भीती जास्त वाटते. आग्यामाश्या उठल्या तर धडधाकट माणूस पळतो, दोराला बांधलेला माणूस पळू शकत नाही. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी, दोन्ही वेळा दुर्बिणीने झाड आणि आजूबाजूची झाडं बघा, पोळं दिसलं की ते झाड विसरा. परिसरातल्या मध काढणाऱ्या लोकांना विचारा, महाबळेश्वरजवळचं मांघर तर मधाचं गाव म्हणूनच ओळखलं जातं, तिथल्या माणसाला माशी कधी कुठे असते ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. सेंट-परफ्यूम नको, धूर नको, स्पीकर तर नकोच नको. खाली उतरवायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजून ठेवा.

गव्याच्या भागात असाल तर ऊन उतरायच्या आत सामान गाडीत.

वर गेल्यावर काय करायचं

तीन उंच्या ठरवून घ्या, समजा एक, तीन आणि सहा मीटर. मोजायला दोराला मीटर-मीटरवर रंगीत टेप लावलेला बरा. प्रत्येक ठिकाणी अंगठ्याच्या दोन पेरांएवढं शेवाळ किंवा दगडफूल पसरट पुटी-पात्याने खरवडून कागदी पाकिटात टाकायचं. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटतो आणि सॅम्पल कुजतं. पाकिटावर झाड, उंची, खोडाची दिशा, तारीख. बोटांची पकड कमजोर असेल तर पात्याच्या मुठीला सायकलच्या हँडलचं ग्रिप चढवा, लिहिणं अवघड असेल तर मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करायचं, खालच्याने लिहून घ्यायचं. पातं, पाकिटं, पेन, सगळं दोरीने हार्नेसला बांधलेलं. खाली उभ्या असलेल्या सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, सरांच्यासुद्धा.

लॅबमध्ये शेवाळ उथळ बशीत पावसाच्या नाहीतर बाटलीच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवा, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. सकाळी पिळून पाणी दुसऱ्या बशीत घ्या, थोडं बसू द्या, काळ्या कागदावर ठेवून बाजूने उजेड टाका आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली तीस-चाळीस पट करून बघा. गोलकृमी वळवळतात, रोटिफर भिरभिरतात, टार्डिग्रेड मात्र निवांत झुलत चालतो, एकदा दिसला की परत चुकत नाही. मायक्रोस्कोपला कॅमेरा लावून स्क्रीनवर बघायची सोय केली तर मान वाकवावी लागत नाही आणि टेबलाखाली व्हीलचेअरचे गुडघे जातील एवढी मोकळी जागा ठेवा, बऱ्याच लॅबमध्ये तिथे नेमकं कपाट असतं. पैसे नसतील तर १४० पट दाखवणारा कागदी फोल्डस्कोप सुरुवातीला बरा.

कॉलेज नाही म्हणालं तर

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात शिक्षण संस्थेने विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची असं स्पष्ट म्हटलंय, फील्डवर्क अभ्यासक्रमाचा भाग असेल तर तेही त्यात आलं. पण पहिल्याच मीटिंगला कायदा काढू नका. प्राचार्यांना भीती असते ती अपघाताची आणि त्यानंतरच्या चौकशीची, तर त्यांच्यासमोर तांदळाचं पोतं चढवून-उतरवून दाखवा, डॉक्टरांची चिठ्ठी, विद्यार्थ्याची आणि पालकांची संमती, अपघात विमा, जवळच्या दवाखान्याचं अंतर, असं सगळं एका फाईलमध्ये ठेवा. कायद्याची प्रत फाईलच्या शेवटी असू द्या, त्यांना दिसेलच.

पेपरवाल्याला बोलवायचं का हे विद्यार्थ्याने ठरवायचं, झाडाखाली नारळ-शाल तर कृपया नको. त्यापेक्षा डेटाशीटवर "सॅम्पल घेणारा" या रकान्यात तिचं नाव लिहा, आणि दोराच्या वहीत त्या दिवशीचे तास, झाड, भार, कुठे घासला ते. दोर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचा, उन्हात नाही, आणि कुठे चपटा किंवा कडक लागला तर तेवढा तुकडा कापून गाईला बांधायला देऊन टाका.